शेंडा राखलेलं रान

विक्रमगड मागे टाकून जव्हारच्या वाटेला लागलं की ऐनाची झाडं दिसू लागतात. ती फाल्गुनात बघावीत. अंगावरच्या फांद्या छाटलेल्या, बुंधा उघडा, वर शेंड्याला तेवढा पाला ठेवलेला. सोबतचे वारली बाबा एका झाडावर हात ठेवून म्हणाले, "शेंडा राखायचा. शेंडा गेला तर झाड गेलं."

खाली उतरलेला पाला राबासाठी. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला, शेण, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पावसाआधी ते भाजायचं. तण मरतं, रोप जोमानं उठतं. या पाल्यावरून मोठी भांडणं झाली आहेत. इंग्रजांनी रानं राखीव केली, राबावर बंधनं घातली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आमच्या वसईतही, लोक इतके संतापले की १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी ऐकायला मुंबई सरकारला वनआयोग नेमावा लागला. रान राखायचा हक्क ग्रामसभेचा, हे कायद्यात यायला मात्र २००६ साल उजाडलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरांवर. मग इकडच्या गावांनीही दावे लावून धरले.

मोहाखालची जमीन झाडून लख्ख केली होती आणि बायका पहाटेची फुलं वेचत होत्या. कुठलं झाड कोणी वेचायचं हे ठरलेलं असतं. त्याचा कागद नाही, तरी वाद नाही. पुढे वाघदेव, शेंदूर लावलेला. पहिल्या पावसानंतर उगवणारी कोवळी भाजीसुद्धा आधी देवाला दाखवायची, मग ताटात घ्यायची. मला हा नियम फार शहाणा वाटतो. पहिल्या कोंबावर कोणी तुटून पडत नाही, रोपाला जीव धरायला सवड मिळते.

एका आजीनं विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं?" मी म्हटलं, सूर्या नदीचं. "मग आमच्याच डोंगराचं की," ती म्हणाली. खरंच आहे. या नदीवरचं धामणीचं धरण विक्रमगड तालुक्यात, मूळ हेतू शेतीचा, आणि त्यातलं पाणी वसई-विरारच्या इमारतींना मिळतं. इथली शेतं पावसाळा सरला की कोरडी पडतात आणि दिवाळीनंतर माणसं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्या गाठतात. हे मला अन्यायाचं वाटतं आणि वसईकर म्हणून मी ते बोललंच पाहिजे.

होळीला घरी परतलेली पोरं वरच्या उतारावर जाळरेषा काढत होती, वणवा अडावा म्हणून वाळलं गवत खरवडून लांब पट्टा मोकळा करत होती. अजून अर्धा डोंगर बाकी होता. सण झाला की ती पुन्हा भट्टीवर जाणार. बाबांनी कोयता कमरेला अडकवला आणि उरलेल्या रेषेसाठी कोणाकोणाच्या घरातून माणूस येईल, ते बोटांवर मोजायला लागले.