अर्धे उघडलेले दार

माणसाला भिववायला पैसा थोडा आणि संयम फार लागतो. १९६० साली ‘सायको’ची जाहिरात करताना हिचकॉकसाहेबांनी प्रेक्षकांना सहा मिनिटांहून अधिक वेळ रिकाम्या घरातून हिंडवले. बोट दाखवीत, वाक्य अर्धेच सोडीत ते पुढे जात. शेवटी न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढला, एक किंकाळी उठली आणि संपले! खुनी कुठे दिसलाच नाही. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तर चेटकीण अखेरपर्यंत पडद्यावर येत नाही. आपापले भूत प्रत्येकजण बरोबर घेऊनच आलेला असतो; दिग्दर्शकाने दिवा तेवढा मालवायचा.

हे आठवायचे कारण, माझा पुतण्या आणि त्याचे कॉलेजातले सोबती एक भयपट काढीत आहेत. त्याच्या एका मिनिटाच्या झलकीचा बेत आमच्याच दिवाणखान्यात शिजला. रिकामा जिना, उतरत येणारी पावले, किलकिले होणारे दार, इथवर एकमत होते. दारामागचे भूत दाखवायचे की नाही, यावर मात्र घोडे अडले. त्यांच्यातल्या एका मुलीने तीन रात्री जागून कागदाच्या लगद्याचा मुखवटा केला होता. आणि तो असा भेसूर साधला होता, की आमच्या सौभाग्यवती त्या खोलीत पाऊल टाकीनात. एवढी मेहनत झाकून कशी ठेवायची? सारे तिच्याकडे पाहू लागले.

तिने मुखवटा शांतपणे पिशवीत घातला. “दार हलले की काळोख करा,” ती म्हणाली, “आत्ताच दाखवलात, तर हा नुसता कागद होईल.”