मनिलाचे आम्ही आणि आपण

मनिला म्हटले की मॅगसेसे पुरस्कार आठवतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध झगडणारे बेझवाडा विल्सन यांना २०१६ साली तो मिळाला, तेव्हा हे नाव आपल्या वस्त्यांतही पोचले. फिलिपिन्सची ही राजधानी. आमची मुलगी तिथे डॉक्टरकी शिकते. तिला भेटायला आम्ही उभयता गेलो आणि तीन आठवडे राहिलो.

तिकडे इंग्रजी पुष्कळ चालते. पण बाजारात, गाडीत, शेजारीपाजारी बोलतात ती तागालोग. याच बोलीवर उभ्या राहिलेल्या फिलिपिनो भाषेला १९८७ च्या संविधानाने राष्ट्रभाषेचे स्थान दिले. मुलीने आमच्या हाती एक पुस्तक ठेवले. इंग्रजी जाणणाऱ्यांनी तागालोग शिकावी म्हणून केलेले. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अर्थ. आमचे इंग्रजी दहावीपुरते, तरी चाळता चाळता वाटू लागले की हे मराठीतून केले असते तर निम्मी पाने वाचली असती.

भाताचेच घ्या. पालाय, बिगास, कानिन या तिन्ही शब्दांपुढे 'राइस' लिहून खाली खुलासा केला होता. आपल्याला खुलासा कशाला? पालाय म्हणजे साळ, बिगास म्हणजे तांदूळ, कानिन म्हणजे शिजलेला भात. आम म्हणजे पेज, तिथेही ती तान्ह्या मुलांना पाजत. रात्रीचा उरलेला भात तो बाहाव. सकाळी तेलात लसूण परतून तोच बाहाव त्यात घातला की झाला सिनांगाग. हळद-मिरची नाही एवढेच, बाकी आपला फोडणीचा भात.

नात्यांचेही तसेच. व्याही-विहिणीला बालाए म्हणतात. साडू आणि जाऊ या दोन्ही नात्यांना मिळून एकच शब्द, बिलास. इंग्रजीत व्याह्याला नावच नाही, त्यामुळे पुस्तकाला तिथे अख्खे वाक्य लिहावे लागले होते. थोरला भाऊ कुया आणि थोरली बहीण आते. ही आते म्हणजे आपली आत्या नव्हे बरे! अनोळखी भाजीवालीलाही आते म्हणतात, आपण ताई म्हणतो तसे.

जीपनी ही तिथली गोरगरिबांची गाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने मागे टाकलेल्या जीपगाड्या लांबवून ती तयार झाली. बाके समोरासमोर. मागे बसलेल्याने 'बायाद पो' म्हणून भाडे शेजाऱ्याच्या हातात द्यायचे. ते हातोहात चालकापर्यंत जाते आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. उतरायचे असले की 'पारा पो'. पुस्तकात 'पो' म्हणजे 'सर, मॅडम' असे होते. आम्हाला ते पटले नाही. सर आपण साहेबाला म्हणतो. इथे गाडी हाकणाऱ्यालाही पो आणि भाडे पुढे सरकवणाऱ्या म्हातारीलाही पो.

पण पुस्तकाची खरी तारांबळ उडाली होती ती 'वी' या एका इंग्रजी शब्दापाशी. तागालोगमध्ये त्याला दोन शब्द आहेत, कामी आणि तायो. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळले तर कामी, त्याला धरले तर तायो. म्हणजेच आम्ही आणि आपण. आपले शेंबडे पोरही यात चुकत नाही. त्यांच्या संविधानाची उद्देशिका कामीने सुरू होते, आपली मराठीत आम्हीने.

तायो आम्ही रोज ऐकला तो जेवणाच्या वेळी. कोणी जेवत असताना दाराशी माणूस आला की घरातून हाक येते, 'काइन तायो', चला, आपण जेवू. पहिल्याच दिवशी शेजारणीने आम्हाला तसे बोलावले. आमचे नावसुद्धा तिला ठाऊक नव्हते. पाट मांडण्याआधी आडनाव विचारणारी घरे आम्ही इकडे पाहिली आहेत. त्या रात्री तो शब्द वहीत लिहून घेतला.

काही शब्द तर आपल्याकडूनच मलाय भाषेच्या वाटेने तिकडे गेलेले. गुरो म्हणजे शाळामास्तर, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा, बालिता म्हणजे वार्ता. बुधी म्हणजे बरेवाईट ओळखणारे मन. दुक्हा हा शब्द दुःखावरून आला, पण तिथे त्याचा अर्थ गरीब. दालिता म्हणजे हालअपेष्टा हे ऐकून आमचे कान टवकारले. जाणकार मात्र तो मलायमधल्या 'देरिता'शी जोडतात. कानाला सारखा लागला म्हणून सोयरीक जुळवू नये.

गरिबाच्या पाठोपाठ येतो उतांग, म्हणजे कर्ज. गल्लीतल्या दुकानाला सारी-सारी म्हणतात. तिथे एक सिगारेट, शाम्पूची एक पुडी, थोडे तेल असे सुटे मिळते. दुकानावर पाटी असते, आज उतांग नाही, उद्या चालेल. आपले 'आज रोख, उद्या उधार'! तरी आत उधारीची वही असतेच.

हा उतांग किती जुना, ते राष्ट्रीय संग्रहालयात पाहिले. लागुना प्रांतात १९८९ साली सापडलेला वहीच्या पानाएवढा ताम्रपट तिथे आहे. त्यावर तिथी आपल्या ओळखीची, शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. त्या देशातला कालनोंद असलेला हा सर्वांत जुना लेख. त्यात लढाई नाही, राजाची स्तुती नाही. नामवरान नावाच्या माणसाचे एक काती आणि आठ सुवर्ण इतके कर्ज फिटले, त्याच्या मुलाबाळांकडे ते पुन्हा कोणी मागू नये, एवढेच लिहिले आहे. आंगकातान नावाच्या बाईला आणि बुका नावाच्या तिच्या नातलगाला ते दिले. त्या कागदाचे, खरे तर तांब्याचे, नाव 'शुद्धपत्र'. कर्जाला शब्द आहे हुतांग.

पत्र देणारा अधिकारी तुंदुनचा. ते गाव म्हणजे आजचे तोंदो, असे अभ्यासक मानतात. तोंदो ही मनिलाच्या बंदराजवळची कामकऱ्यांची दाट वस्ती. गोदामात नोकरी करून पोट भरणारा आंद्रेस बोनिफासियो इथेच १८६३ साली जन्मला आणि त्याने १८९२ साली स्पेनच्या सत्तेविरुद्ध कातिपुनान संघटना उभी केली.

आम्ही जीपनीने तोंदोला गेलो. एका सारी-सारीत पाण्याची बाटली घेतली. दुकानदारीण वहीत नाव शोधत होती. समोर एक बाई हातात मोजलेले पैसे घेऊन उभी होती. नाव सापडले, पैसे गल्ल्यात गेले, नावावर आडवी रेघ पडली. त्या बाईने वहीत वाकून रेघ नीट पाहून घेतली आणि मग आते म्हणून दुकानदारणीकडे एक वाटी तेल मागितले. रोखीने.