एका पेटीतील संसार

निवृत्त शिक्षकाच्या घरात नवी वस्तू सहजासहजी येत नाही. आधी तिचा हिशेब कागदावर मांडला जातो आणि मग मनात. अशाच एका घरात संगणक घेण्याचा विचार निघाला. आजोबांना आपल्या आठवणी लिहून काढावयाच्या होत्या. नातीला शाळेचा अभ्यास करावयाचा होता. पैसे मात्र मोजकेच होते. दिवंगत आजीने नातीच्या शिक्षणासाठी ते पै पै करून साठविले होते. पुन्हा उभे राहणारे ते नव्हते.

दुकानात पडदा आणि यंत्र एकाच देहात सामावलेला संगणक पाहताच नातीचे डोळे चमकले. "आजोबा, हाच घेऊ या! तारांचा गुंता नाही आणि जागाही थोडी लागते." आजोबा नुसतेच हसले. आयुष्यभर गणित शिकविलेल्या माणसाला उत्तरापेक्षा रीत अधिक महत्त्वाची वाटते.

ही कल्पना तशी नवी नव्हे. १९८४ साली आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशमध्येही नऊ इंची पडदा आणि यंत्र एकाच पेटीत होते. पुढे १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याच कंपनीचा आयमॅक अमेरिकेत विक्रीस आला. निळसर अर्धपारदर्शक कवच, पंधरा इंची पडदा, उचलण्यासाठी वर मूठ आणि किंमत १२९९ डॉलर! संगणकाला बिचकणाऱ्या गृहस्थानेही तो घरी न्यावा, वीज आणि दूरध्वनीची तार जोडावी आणि इंटरनेट पाहू लागावे, हा त्यामागील हेतू होता. त्यात फ्लॉपीची सोय नाही म्हणून टीका झाली. तरी त्या वर्षाअखेर सुमारे ८ लाख आयमॅक खपले. सुटसुटीतपणाचे मोल लोकांना कळले होते.

परंतु सुटसुटीतपणाचेही मोल द्यावे लागते. असा संगणक म्हणजे जणू एकत्र कुटुंबच! चांगल्या दिवसांत सारे एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतात; पण एकजण आजारी पडला की सर्वांचाच खोळंबा होतो. पडदा बिघडला तर धडधाकट यंत्रालाही त्याच्याबरोबर दुरुस्तीला जावे लागते. यंत्र जुने झाले की चांगला पडदाही बहुधा वाया जातो. बहुतेकांत बॅटरी नसते. त्यामुळे वीज गेली की काम अर्ध्यावरच राहते.

आजोबांनी दुकानदाराला तीनच प्रश्न विचारले : मेमरी किती, ती पुढे वाढविता येईल काय, आणि दुरुस्ती गावातच होईल काय? मेमरी ८ जीबी होती आणि ती वाढविता येत होती. दुरुस्तीसाठी मात्र यंत्र शहरात पाठवावे लागणार होते.

आजोबांनी खिशातील कागद नातीपुढे ठेवला. तिने मध्ये एक रेघ ओढली; एका बाजूला सोयी लिहिल्या, दुसऱ्या बाजूला अडचणी. बराच वेळ ती त्या कागदाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तुमच्या लिखाणाला हा पुरेसा आहे. पण माझा अभ्यास वाढत जाईल. पडदा आणि यंत्र वेगवेगळे घेऊ. एक बिघडले तरी दुसरे राहील. आजीचे पैसे एकाच पेटीत नकोत."

आजोबा काही बोलले नाहीत. वहीतील अचूक उदाहरणाखाली करावी तशी एक बरोबरची खूण त्यांनी त्या कागदाच्या तळाशी केली आणि पैसे काढले.