कोण कोणाचा काका?

अम्मानला अरबी शिकायला लागले तेव्हा नात्यांचा धडा मला अगदी सोपा गेला. 'अम्म' म्हणजे काका, 'अम्मा' आत्या, 'खाल' मामा, 'खाला' मावशी. वर्गातली युरोपातली मंडळी चुलता आणि मामा वेगळे कशाला म्हणून डोकं खाजवत होती, मी कॉलर ताठ करून बसले होते. अनोळखी मोठ्या माणसाला 'अम्मो' म्हणायचं, हेही आपल्या रिक्षावाल्या काकांसारखंच.

मग खालच्या दुकानदारानं शेजारच्या पोराच्या हातात खुब्जचं, म्हणजे रोट्यांचं, पुडकं ठेवलं आणि म्हणाला, "घे, अम्मो." पोरगं म्हणालं, "शुकरन, अम्मो." आता यातला काका कोण? घरमालकीणबाई तर स्वतःच्या लेकीला 'मामा' म्हणून हाक मारायच्या, आणि इथे मामा म्हणजे आई! शिक्षिकाबाईंनी उलगडा केला: मोठी माणसं लाडानं आपलंच नातं लहानाला बहाल करतात. बाप मुलाला 'बाबा' म्हणतो.

शब्दकोशानं तर चकवाच दिला. हान्स वेअरच्या कोशात शब्द धातूवार लावलेले असतात. 'अम्म'चा धातू ऐन-मीम-मीम काढला, तर काकांच्या शेजारीच 'आम' बसलेला, आपल्या आम जनतेतला. हिब्रू ही अरबीची बहीण; तिच्यात 'अम' म्हणजे चक्क लोक, राष्ट्र. काकाला तिथे 'दोद' म्हणतात.

मागे जावं तसा हा काका मोठाच होत जातो. बॅबिलोनचा हम्मुराबी (इ.स.पू. 1792–1750) घ्या. नाव अमोरी भाषेतलं, त्यातला 'हम्मु' हाच आपला अम्म. घशातला 'ऐन' लिहायला बॅबिलोनी लिपीत चिन्ह नव्हतं, म्हणून तो असा अवतरला. नावाचा प्रचलित अर्थ 'आप्त बरं करतो' असा काहीसा. पण पुढच्या बॅबिलोनी लेखनिकांनी त्याचा अर्थ लावला 'विस्तीर्ण कुटुंब'. येमेनमधल्या प्राचीन कताबान राज्यात तर अम्म हा देवच, आणि प्रजा स्वतःला अम्मची लेकरं म्हणवायची.

बहुतेक अभ्यासकांच्या मते मुळात हा शब्द बापाकडच्या आप्तांचा. म्हणजे आपली भावकी. अरबीत ती आकसून एकटा चुलता उरला, हिब्रूत फुगून अख्खी जनता झाली. मला हे पटतं. भावकीला राष्ट्र समजणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

अम्मान हे नावही अम्मोन लोकांवरून आलेलं. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात त्यांचा मूळ पुरुष बेन-अम्मी, 'माझ्या आप्ताचा पुत्र'. मध्ये इजिप्तच्या दुसऱ्या टॉलेमीनं शहराचं 'फिलाडेल्फिया' करून काकांऐवजी भावंडांना मान दिला, पण ते नाव काही टिकलं नाही.

सासऱ्यालाही 'अम्मो' म्हणतात, हे मी निमूट लिहून घेतलं. पण जुन्या वळणाचा नवरा बायकोला 'बिन्त अम्मी', म्हणजे 'माझ्या चुलत्याची लेक' म्हणतो, ती चुलत्याची असो-नसो, हे ऐकून पेन थांबलं. मामाची मुलगी एक वेळ चालली असती. चुलतबहिणीला आम्ही राखी बांधायला बोलावतो, असं मी बाईंना सांगितलं, तेव्हा गोंधळून बघायची पाळी त्यांची होती.