तरंगते आमिष

आमच्या घराण्यात गळाने मासे धरणाऱ्याला कोणी कोळी म्हणत नसे. डोल लावील तो कोळी. गळ हा पोरांचा आणि रिकामटेकड्यांचा खेळ. समुद्रात खुंट ठोकायचे, ओढीच्या समोर डोलीचे तोंड धरायचे आणि बोंबील, मांदेली, जवळा पाण्यानेच आत आणून घालायचा, ही माझ्या वडिलांची मासेमारी. मी त्या घरात जन्मलो खरा, परंतु शाळेत रमलो आणि पुढे शिक्षकच झालो. त्यामुळे २०२२ सालच्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, कॅनडातील एका स्वयंपाकघरात बसून रबरासारखा एक खोटा किडा गळावर कसा चढवावा याचे धडे मी माझ्याच मुलाकडून घेईन, असे कोणी मला सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझा धाकटा मुलगा ऑन्टारियो प्रांतातील पॅरिस या गावी राहतो. खऱ्या पॅरिसशी या गावाचे नाते एवढेच की, येथे जवळपास जिप्समचे साठे सापडले आणि जिप्समपासून 'प्लास्टर ऑफ पॅरिस' होते. गावातून ग्रँड नदी वाहते व पुढे ब्रँटफर्डवरून ईरी सरोवराला मिळते. उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी ती गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडता येते. कारखान्यातून आला की मुलगा जेवतो, काठी उचलतो आणि नदीवर जातो. माझ्याशी बोलणे बेताचेच. हे बेताचे बोलणे काही कॅनडात सुरू झाले नव्हते. त्याविषयी पुढे येईलच.

तो ज्याच्या मागे असतो तो मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. काशाच्या जुन्या भांड्यासारखा रंग, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा. जबडा डोळ्याच्या मागे जात नाही, म्हणून 'लहान तोंडाचा'. मी जूनच्या आरंभी पोहोचलो तेव्हा त्याची धरणी बंद होती. नर मासा तळाच्या वाळूत शेपटीने खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर एकटा राखण करीत राहतो. त्याला क्षणभर जरी तेथून उचलले तरी लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. ईरी सरोवरात तर आता 'राउंड गोबी' हा आपल्या निवटीच्या नात्यातला परका मासा बोकाळला आहे. जहाजांच्या पोटातील तोलाच्या पाण्यातून तो आला आणि १९९० साली सेंट क्लेअर नदीत प्रथम सापडला. राखणदार हलला की काही मिनिटांत तो घरटे साफ करतो. मुलाने हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे सगळे बापावरच." तो हसला नाही.

जूनअखेर हंगाम उघडला. २९ तारखेला, संत पेत्राच्या सणाच्या दिवशी, संध्याकाळी त्याने आपण होऊन मला सोबत बोलावले. परदेशी पाहुण्यालाही परवाना लागतो. तो त्याने आधीच काढून ठेवला होता. निघण्यापूर्वी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्याने सामान मांडले.

प्लास्टिकचे मऊ आमिष ही तशी जुनी गोष्ट. ओहायोतील ॲक्रन येथे निक क्रीम या माणसाने १९४९ साली असा गांडूळ प्रथम ओतला. परंतु नेहमीचे प्लास्टिक, विशेषतः त्यात मीठ घातलेले असले म्हणजे, पाण्यात बुडते आणि तळाशी आडवे पडून राहते. मुलाच्या डबीतील आमिष निराळ्या, रबरासारख्या द्रव्याचे होते, ते तरंगते. लांबी पावणेतीन इंच, जाडी करंगळीएवढी, ना डोके ना पाय. "हे काय म्हणायचे?" मी विचारले. "माशाला काय वाटेल ते," तो म्हणाला.

गळ लहान, बारीक तारेचा. त्याच्या मानेशी शिशाची टोपी, अळंब्याच्या छत्रीसारखी चपटी, वजन जेमतेम पावणेदोन ग्रॅम. कॅन्ससचे लेखक नेड केहडी यांच्या नावावरून या जोडणीला 'नेड रिग' म्हणतात. हिची सारी युक्ती त्या टोपीत आणि तरंगण्यात आहे. टोपी तळाला टेकते, शेपूट वर उठते आणि आमिष दगडांत उभे राहून ओढीबरोबर हळूहळू डुलते. या नदीत शेवंडीचा धाकटा भाऊ शोभावा असा, नांग्या असलेला क्रेफिश असतो. बासचे ते आवडते खाणे. शत्रू दिसला की क्रेफिश नांग्या उगारून अंग वर करतो. उभे आमिष माशाला तसेच दिसत असावे. तरंगणारे आमिष लावण्याची दुसरीही एक रीत आहे. तीत सरकते शिसे, मणी, भिंगरी व त्यापुढे हात-दीड हात तंगूस बांधून शेवटी बारीक गळ लावतात. शिसे तळाशी आणि आमिष वर, असे ते चालते. तलावात ही रीत बरी. ग्रँडच्या दगडांत शिसे वारंवार अडकते, असे मुलाचे मत.

आमिष चढवणे सोपे नाही. ते इतके ताणते की गळाच्या मानेवरील खाचेवर बसतच नाही. ओढले तर लांब होते आणि सोडताच मागे सरते. त्याने दाखवले ते असे : टोक बरोबर मधोमध खुपसायचे, आमिष गळावर चढवत न्यायचे, कोठे बाहेर काढायचे ती जागा आधी मापून ठेवायची, मग खाच ओली करून अंगठ्याने मागून ढकलायचे; ओढायचे नाही. शेवटी खाचेवर झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा एकच थेंब. आमिष सरळ बसलेच पाहिजे. थोडे जरी वाकले तरी पाण्यात गरगरते, तंगूस पिळला जातो आणि मासा फिरकत नाही. पहिली तीन मी वाकडी बसवली. चौथे बसले. त्याने ते उजेडात धरून पाहिले आणि न बोलता माझ्या काठीला बांधले.

नदीत उभे राहिल्यावर तो म्हणाला, "टाका, बुडू द्या, आणि काही करू नका." डोलीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मासा बहुधा आमिष खाली जात असतानाच घेतो. झटका बसत नाही. तंगूस एका बाजूला सरकतो, टोक जड होते, एवढेच. पहिल्या माशाने पाण्याबाहेर दोनदा उडी मारली. सुमारे एक फुटाचा असेल. मी पिशवी मागितली. त्याने ओल्या हाताने गळ काढला (गळाचा उलटा काटा त्याने पकडीने आधीच दाबून टाकला होता) आणि मासा सोडून दिला. कायद्याने ठरावीक मासे घरी नेता येतात. हा एकही नेत नाही. येथील थंड पाण्यात मासा फार सावकाश वाढतो, असे तो म्हणाला. मला मात्र ते रुचले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही पुरते रुचत नाही. ज्या घरात माशावर चूल पेटली त्या घरातल्या माणसाने मासा हातातून सोडावा, हे मनाला लागतेच.

जुलैच्या मध्यावर मी एक उपकार करावयास गेलो. त्याच्या डब्या अस्ताव्यस्त दिसल्या, म्हणून एका दुपारी सगळी आमिषे रंगानुसार लावून एका मोठ्या डब्यात भरली आणि डबा गाडीत ठेवून दिला. चार-पाच दिवस कडक ऊन पडले. डबा उघडला तेव्हा आत चिकट, रंगीबेरंगी लगदा होता. तरंगणारे द्रव्य आणि साधे प्लास्टिक यांचे पटत नाही. साध्या प्लास्टिकातले तेल दुसऱ्यात उतरते आणि दोन्ही विरघळू लागतात. म्हणूनच त्याने ती वेगळी ठेवली होती.

त्याने डबा बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "पप्पा, एकदा तरी विचारायचे होते."

हे डब्याविषयी नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. माझे वडील १९९७ साली वारले. पुढच्या वर्षी मी त्यांची होडी विकली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा, वसतिगृहात राहून बारावी करीत होता. आजोबांबरोबर तो लहानपणापासून समुद्रावर जाई. तीच वाट पुढे धरायची त्याच्या मनात होते. मला ते माहीत होते, आणि म्हणूनच मी घाई केली. सुट्टीत घरी आला तेव्हा बंदरावर होडीची जागा रिकामी होती. त्याने एक शब्दही काढला नाही. ते न बोलणे चोवीस वर्षे चालले.

"होडी कोणाला दिलीत?" त्याने विचारले.

मी सांगितले. किती पैसे आले तेही सांगितले. त्यातूनच त्याच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे शुल्क भरले होते. हे त्याला मी कधी सांगितले नव्हते. तो म्हणाला, "शुल्काचे सांगितले असतेत, तरी मी होडीच मागितली असती." मी म्हणालो, "म्हणूनच विचारले नाही." थोड्या वेळाने मी आणखी एक वाक्य बोललो, "विचारायला हवे होते." इतक्या वर्षांत ते मला जमले नव्हते, आणि तेव्हाही ते मी त्याच्याकडे न पाहताच बोललो.

त्याने लगदा कागदात गुंडाळून टाकून दिला. शनिवारी आम्ही नवी आमिषे आणली. दोन डब्या धुऊन पुसून कोरड्या केल्या. त्याने चिकटपट्टीचे दोन तुकडे कापून माझ्यापुढे ठेवले आणि मराठीत लिहायला सांगितले, त्याचे अक्षर आता वळत नाही म्हणून. मी शाळेच्या फळ्यावर लिहावे तसे सुवाच्य लिहिले : एकीवर 'बुडणारी', दुसरीवर 'तरंगणारी'. मग त्याने तरंगणाऱ्यांची डबी उघडली, गळ आणि डिंकाची नळी माझ्याकडे सरकवली, आणि दिवा थोडा जवळ ओढून दिला.