जुन्या प्रिंटरला घरचा पत्ता

लेझर प्रिंटर माझ्या आयुष्यात आला तो पुस्तकांच्या वाटेने. पुण्यात तेव्हा डीटीपीची, म्हणजे संगणकावर पानं जुळवायची कामं श्री-लिपी या सॉफ्टवेअरमध्ये चालत. प्रुफं वाचून झाली की शेवटची प्रत बटर पेपरवर काढायची आणि तिच्यावरून ऑफसेटची प्लेट बनायची. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपके काढणाऱ्या प्रिंटरवर वेलांटीची गोलाई दातेरी दिसे. १९९२चा एचपीचा लेझरजेट ४ हा ६०० डीपीआयचा. त्याच्यावर निघालेली वेलांटी भिंगाखाली धरून पाहिली, तेव्हा छपाईवरचं माझं प्रेम पक्कं झालं.

पुढे नोकरीत लेझरजेट १३२० भेटला. २००४च्या सुमाराचं हे मॉडेल. मिनिटाला वीसएक पानं आणि दोन्ही बाजूंची छपाई आपोआप. हजेरीपत्रकं, नेमणुकीची पत्रं, निवृत्तीचे कागद, सगळं त्यातूनच बाहेर पडलं. ऑफिसात भाड्याची नवी मशिन्स आली आणि हा भंगारात निघाला. रीतसर पैसे भरून मी तो घरी आणला.

यंत्र धडधाकट होतं, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट अरुंद होती. मागे फक्त यूएसबी आणि जुना पॅरलल पोर्ट. घरात लॅपटॉप, मुलीचा टॅब, फोन. आणि वायर एकाच्याच वाट्याची. म्हणून मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवला. त्यावर कप्स ही छपाईची मुक्त प्रणाली टाकली. प्रिंटर यूएसबीने त्याला जोडला आणि पाय घरच्या वायफायला. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे वीज जाऊन आली तरी तो बदलत नाही. आता फोनला प्रिंटर आपसूक दिसतो.

हे जमलं, कारण १३२० हा पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या दोन्ही सर्वमान्य भाषा जाणतो. नुसत्या कंपनीच्या ड्रायव्हरवर विसंबणारे प्रिंटर नवी विंडोज आली की अडकतात. देवनागरीचीही अडचण आली नाही. प्रिंटरच्या पोटात मराठी अक्षरं कधी नव्हतीच. अक्षरांचे आकार पानासोबत संगणकाकडूनच येतात. तेव्हाची श्री-लिपी काय, आजचं युनिकोड काय, त्याला दोन्ही सारखंच.

टोनर कागदावर पक्का करणारा फ्यूजर तापताना घरातला दिवा क्षणभर मंद होतो, म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरवर ठेवलेला नाही. एवढं पथ्य सोडलं तर त्याचं काही मागणं नाही. आईला आता बारीक टाइप दिसत नाही. तिला वाचायचा मजकूर मी मोठ्या ठळक अक्षरांत छापून देतो. गरम कागद हातात घेऊन ती तिथेच वाचायला बसते. ज्या वेलांटीसाठी मी कधीकाळी भिंग धरलं, ती आज आईला भिंगाशिवाय वाचता येते, आणि या यंत्राची किंमत मी त्यावरून करतो.

तुमच्या ऑफिसातही एखादा असा प्रिंटर धूळ खात असेल. भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याच्या मागचे पोर्ट बघा, माहितीपत्रकात पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल लिहिलंय का ते शोधा. लिहिलं असेल तर त्याला घरी न्या, नाहीतर गावच्या वाचनालयाला द्या. त्याच्यात अजून बरीच पानं शिल्लक आहेत.