हेरल्डची मूळ प्रत

‘पूर्ववत करणे’ हा शब्दप्रयोग आपण फार सहजपणे वापरतो. वाडा पूर्ववत केला, मूर्ती पूर्ववत केली, भ्रष्ट झालेली पोथी शुद्ध करून पूर्ववत केली, असे म्हणतो. यातील ‘पूर्व’ नेमके कोणते, हे सांगण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. आम्ही दोघे पती-पत्नी मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एक मध्ययुगीन वाङ्मय आणि पाठचिकित्सा शिकवतो, दुसरी आधुनिक कविता. हा प्रश्न आम्ही आपापल्या वर्गात अनेक वर्षे मांडत आलो आहोत. दोघांचीही उत्तरे ठरलेली असत आणि ती एकमेकांशी जुळत नसत. अलीकडची चार वर्षे मात्र हाच प्रश्न आम्हांला एका मोटारगाडीने विचारला. पत्रा, गंज आणि वंगण यांच्या भाषेत तो समोर आला तेव्हा ही ठरलेली उत्तरे अपुरी पडली. त्या अपुरेपणाविषयी काही लिहावे असे वाटते.

गाडी स्टँडर्ड हेरल्ड, १९६७ सालची, दोन दारांची. ती नानांची, म्हणजे आमच्यापैकी एकीच्या वडिलांची आणि दुसऱ्याच्या सासऱ्यांची. नानांनी ती १९७४ साली जुनीच घेतली आणि पुढे तीस वर्षे वापरली. त्यांच्या पश्चात ती कोल्हापुरातील घरामागच्या रिकाम्या गोठ्यात उभी राहिली. त्याच गोठ्यात आम्ही दोन ट्यूबलाइट लावल्या, एक जुना वर्कबेंच आणून टाकला, पान्हे आणि जॅक जमवले, आणि रविवार व सुट्ट्या तिच्यासाठी राखून ठेवल्या. लेथची आणि वेल्डिंगची कामे शिवाजी उद्यमनगरात होत. बाकीचे सारे गोठ्यात.

हेरल्ड ही स्वतः स्पोर्ट्‌स कार नव्हे. पण ती एका स्पोर्ट्‌स कारची थोरली बहीण आहे. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली बाजारात आणली. आरेखन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचे. त्या काळी अखंड सांगाड्याच्या मोटारी रूढ होत चालल्या होत्या. परंतु या कंपनीला सांगाडे पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेला होता. त्यामुळे हेरल्ड स्वतंत्र चासीवर, सुट्या भागांची, नटबोल्टांनी जोडलेली अशी करावी लागली. अडचणीतून निघालेला हा मार्गच पुढे तिचा गुण ठरला. बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटते आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाके सारे उघडे पडते. छतदेखील बोल्टांवर बसलेले. घरच्या घरी खोलता येईल अशी गाडी याहून दुसरी मिळणे कठीण. हीच चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तींच्या आरेखनातून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी उघडी गाडी जन्मली. तीन लाखांहून अधिक स्पिटफायर तयार झाल्या आणि १९८० साली त्यांचे उत्पादन थांबले. भारतात हेरल्ड १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. इंग्लंडातील हेरल्डला मोठी इंजिने मिळत गेली. आपल्याकडे मात्र ९४८ सीसीचेच इंजिन कायम राहिले. मद्रासचा तो कारखानाही १९८०च्या दशकाअखेर बंद पडला.

या नातेसंबंधामुळेच आमच्यात पहिला मतभेद झाला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याचे म्हणणे असे, की गाडी मद्रासच्या कारखान्यातून निघाली तशी करावी. कविता शिकवणारीचे म्हणणे असे, की स्पिटफायरचे भाग इंग्लंडात आजही नवे मिळतात, हेरल्डला थोड्याफार बदलाने बसतात. तर तिच्यातली दडलेली स्पोर्ट्‌स कार बाहेर काढावी. जोडीचे दोन कार्ब्युरेटर, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, जमल्यास छताला रजा. एकाला संहिता हवी होती, दुसरीला रूपांतर. पहिले काही महिने आम्ही प्रत्यक्ष कामापेक्षा वादच अधिक केला.

वादाला पहिला धक्का रंगाने दिला. वरचा पिवळसर पांढरा रंग पॉलिश पेपरने घासू लागलो तेव्हा त्याखाली लांबीचा जाड थर निघाला, लांबीखाली आकाशी रंग, त्याखाली रेड ऑक्साइड, आणि मागच्या आसनाखालच्या कोपऱ्यात, जिथे कोणाचाच ब्रश पोचला नव्हता, तिथे करडा रंग. कारखान्याचा रंग करडा. पण नानांनी गाडी घेतली ती आकाशी. घरातील सगळ्या जुन्या छायाचित्रांत, बारशांत आणि जोतिबाच्या वाटेवर, ती आकाशीच आहे. पांढरा रंग नानांनी १९९०च्या सुमारास दिला, तो आकाशी छटा बाजारात मिळेना म्हणून. यांपैकी ‘पूर्व’ कोणते? मद्रासचे, आधीच्या अनाम मालकाचे, की नानांचे? पोथीच्या बाबतीत हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारणे सोपे असते. आपल्याच आठवणीतला रंग खरवडून काढताना तो तितका सोपा राहत नाही.

दुसरा धक्का पुढच्या चाकांनी दिला, आणि तो गंभीर होता. हेरल्डमध्ये पुढचे चाक ज्या उभ्या दांड्यावर असते त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात, आणि ते आटे एका पितळी ठोकळ्यात फिरतात. त्याला ट्रनियन म्हणतात. निर्मात्याच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिले आहे, की येथे तेल घालावे. गिअर बॉक्सला लागते तसले घट्ट तेल. पण ठोकळ्याला वंगण भरण्याचे टोक असते आणि असे टोक दिसले की कोणीही मेकॅनिक सवयीने ग्रीसची पिचकारी लावतो. ग्रीस कालांतराने सुकते, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी आत शिरते, आटे झिजतात आणि गंजतात. एके दिवशी दांडा तुटतो आणि चाक गाडीखाली दुमडते. आम्ही हे उद्यमनगरातील मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “सर, हितं सगळीच ग्रीस मारत्यात. आमच्या वस्तादानं बी ग्रीसच मारलंय.” मग त्यांनी ठोकळा खोलला, दांडा उजेडात धरला आणि बराच वेळ बोलले नाहीत. “आटं खाल्ल्यात की वो,” एवढेच शेवटी म्हणाले. याच चाकांवर नाना आम्हां सर्वांना घेऊन आंबोलीचा घाट उतरत असत.

लेखनिकाच्या प्रमादाचे याहून चांगले उदाहरण आम्हांला आजवर वर्गात देता आलेले नव्हते. एक शब्द चुकतो, चुकलेला शब्द गुरूकडून शिष्याकडे जातो, प्रत्येक नकलेबरोबर त्याला वजन चढत जाते, आणि मूळ पाठ पुस्तिकेत असूनही वाचला जात नाही. येथे मात्र आमच्यात मतभेद उरला नाही. प्रघात कितीही जुना असो, पाठ मुळाचाच घ्यायला हवा होता. दांडे आणि ठोकळे नवे मागवले, त्यांत तेल भरले. मिस्त्रींनी आपल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले : ‘हेरल्ड – तेल’.

याचा अर्थ मूळ नेहमीच श्रेष्ठ असते, असे मात्र झाले नाही. गाडी मागच्या बाजूने उचलल्यावर नेमका उलट अनुभव आला. हेरल्डची मागची दोन्ही चाके एका आडव्या पाट्यावर तोललेली असतात आणि प्रत्येक चाकाचा अर्धा कणा आतल्या टोकाशी झुलतो. वेगात वळण घेताना एकदम ब्रेक लावला की मागचा भाग वर उचलला जातो आणि बाहेरचे चाक खाली आत ओढले जाते, गाडी घसरते. हा दोष नकलेचा नव्हे, मूळ रचनेचाच. आणि तो तीन ठिकाणी तीन प्रकारे दुरुस्त झाला. ट्रायम्फने १९७० साली नव्या स्पिटफायरमध्ये पाट्याची एक पट्टी सोडून बाकीचा जुडगा मधोमध डुलेल अशी रचना केली. मद्रासच्या कारखान्याने १९७२ साली हेरल्डच्या जागी गॅझेल आणली, तिला झुलत्या कण्याऐवजी सरळ अखंड कणाच दिला. आणि नानांनी, त्यांच्या तेव्हाच्या मिस्त्रींच्या सल्ल्याने, पाट्यात एक पट्टी वाढवून तो ताठ केला. नानांना पहिल्या दोन दुरुस्त्या माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांना घाट माहीत होता.

मुळातच दोष असेल तर संपादकाने काय करावे? पाठचिकित्सेचे उत्तर असे, की ग्रंथकाराची चूकही जपावी. संपादकाने ग्रंथकाराहून शहाणे होऊ नये. परंतु ग्रंथातील चुकीमुळे वाचक दरीत जात नाही. येथे पाठचिकित्सा शिकवणाऱ्याने माघार घेतली आणि स्पिटफायरची डुलती रचना बसली. मागोमाग पुढचे डिस्क ब्रेक आले, आसनांना पट्टे आले, आणि जोडीचे कार्ब्युरेटरही आले. इंजिन मात्र ९४८ सीसीचे, तेच राहिले, आणि छतही. कायद्याचाही एक भाग त्यात होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली, तिची अटच अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. आणि अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मूळ स्वरूप जपायचे तर वापर सोडायचा, असा हा सौदा. नानांनी जी गाडी भाजी आणायला नेली तिच्यासाठी तो आम्हांला मान्य झाला नाही. जुन्या गाडीची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा सरळ मार्ग आम्ही घेतला.

सर्वांत अवघड निर्णय सर्वांत लहान वस्तूचा होता. क्लचच्या पेडलवर सागवानी लाकडाचा दोन इंच जाडीचा ठोकळा दोन बोल्टांनी बसवलेला होता. नानांचा डावा पाय एका अपघातानंतर किंचित आखूड झाला होता, त्यासाठी तो. लाकडाला मधोमध टाचेच्या पुढच्या भागाने पडलेली खळी होती. आमची अपेक्षा अशी, की मुलगी तो ठेवू म्हणेल आणि जावई काढू म्हणेल. झाले उलटे. संहितेचा आग्रह धरणाऱ्याला त्या बोल्टांना पान्हा लावता येईना. मुलगी म्हणाली, “नानांनी निकामी वस्तू गाडीत कधी ठेवली नाही. आपला पाय पुरतो ना? मग काढ.” तो प्रक्षेप नव्हता, चूक नव्हती, दुरुस्तीही नव्हती. ती एका वाचकाने आपल्या पायापुरती लिहिलेली टीप होती. दोन रविवार गाडी त्या ठोकळ्यासकट तशीच उभी राहिली.

या काळात आम्हांला एकनाथांची आठवण वारंवार येत होती. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. ही ताकीद त्यांनी स्वतःच्या ओव्यांतच दिली आणि त्या ओव्या आज ज्ञानेश्वरीच्या शेवटी छापल्या जातात. यात कोणाला विसंगती दिसेल. आम्हांला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. शुद्ध करणाऱ्याने आपण येथे येऊन गेलो हे लपवले नाही. शक आणि नाव दोन्ही नोंदवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनेही नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला संपादकाशी भांडता यावे. मोटारगाड्यांच्या जगातही २०१३ सालच्या ट्युरिन सनदेने जवळपास हेच सांगितले आहे : बदल करावा लागला तर तो संयत असावा, उलटा फिरवता यावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर राहावेत.

तेव्हा आमचा वाद मिटला असे नव्हे. त्याला जागा मिळाली. गोठ्यात आता एक लाकडी पेटी आहे. तिच्यात जुने ड्रम ब्रेक, पाट्याची नानांनी वाढवलेली पट्टी, एक कार्ब्युरेटर, आणि तो कार्ब्युरेटर बसावा म्हणून कोणीतरी हाताने घासून केलेली ॲल्युमिनियमची तबकडी आहे. खाल्लेल्या आट्यांचे दोन दांडेही आहेत. ते परत बसवण्यासाठी नव्हेत, दाखवण्यासाठी. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे : कोठून काढले, कोणी बसवले होते, कशासाठी. सोबत एक वही, तिच्यात आमचे सगळे फेरफार तारखांसह. जिथे आमचे एकमत झाले नाही तिथे दोघांचीही मते लिहिली आहेत. गाडीला रंग आकाशी दिला. मागच्या आसनाखालचा करडा कोपरा तसाच सोडला.

सागवानी ठोकळा पेटीत सर्वांत वर आहे. त्याची चिठ्ठी लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण ‘कशासाठी’ या रकान्यात काय लिहावे यावर पुन्हा मतभेद झाला. अखेर ‘नानांच्या डाव्या पायासाठी’ एवढेच लिहिले. त्याचे दोन बोल्ट तेल लावून कागदात गुंडाळले आहेत. पेडलवरची दोन्ही भोके आम्ही बुजवलेली नाहीत.